हवालदारांचं नाक

आमच्या कारखान्यात हवालदार पहिल्यांदा आले ते गेटवर बसायला. कारखाना बीअरचा, लहानसा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत; एका अंगाला ओतकामाचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला हळदीची गिरणी. त्यांना गेटवर बसून आठवडाच झाला होता. एका सकाळी मालकांची गाडी आत येत असताना त्यांनी हात आडवा करून ती थांबवली आणि म्हणाले, "सायेब, तीन नंबरच्या टाकीत बगा जरा. ताक व्हायलंय तिचं." टाकी गेटपासून शंभर पावलांवर, मध्ये भिंत, हवेत हळदीची पूड. मालक हसले आणि आत गेले. चार दिवसांनी तीन नंबरची टाकी आंबट निघाली आणि सगळी गटारात सोडावी लागली. त्यानंतर गेटवरच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला आणि हवालदार आत आले.

मी तिथं गेले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, पण नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगायची अशी तिथली पद्धत होती. मला ती मालकांनी स्वतः सांगितली. मालकांना सगळे सर म्हणत. सर परदेशात बीअर करायला शिकून आले होते. "तपासणीची मोठी मशीन आपण घेऊ कधीतरी," ते म्हणाले, "तोवर आपल्याकडे हवालदार आहेत."

मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मायक्रोबायोलॉजी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील मुंबईत माथाडीचं काम करतात, आई माण तालुक्यात आमच्या गावी शेळ्या सांभाळते. प्रोजेक्टसाठी यीस्ट हवं होतं म्हणून मी कारखान्यात गेले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजण्याचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं म्हणून राहिले. घरी मी एवढंच सांगितलं होतं, की लॅबमध्ये काम मिळालंय.

"कसली ल्याब म्हणून सांगितलंस?" हवालदारांनी विचारलं.

"नुसती लॅब."

"आन आईनं इचारलं न्हाई कसली ते?"

"आईला वाटतं रक्ताची."

ते इतके हसले की त्यांना भिंतीला हात टेकावा लागला. मग गंभीर चेहरा करून म्हणाले, "बरं हाय. रगात काय आन बीअर काय, दोनी बी सवच्छ भांड्यातच घ्यायचं." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए कॉलेज, हिकडं ये." मी त्यांना मामा म्हणायला लागले.

हवालदार मूळचे कोरेगावकडचे. लष्करात त्यांनी सगळी वर्षं मेसमध्ये काढली. डाळीत मीठ पडलंय का नाही हे आपल्याला वासावरून कळतं, असं ते सांगायचे. मी एकदा धीर करून म्हणाले, "मामा, मिठाला वास नसतो." ते म्हणाले, "मिठाला नसतो. डाळीला असतो. मीठ पडलं की डाळ गप बसती." हे शास्त्राला धरून आहे का, मला अजून सांगता येणार नाही. पण कारखान्याच्या डब्यातल्या जेवणात त्यांचं कधी चुकलं नाही.

चव घेण्याचे त्यांचे नियम कडक होते. सकाळी नऊच्या आत, पोटात चहासुद्धा नाही. तंबाखू नाही, कांदा नाही, अंगाला वासाचा साबण नाही. खिशात रुमालात बांधलेला ज्वारीच्या भाकरीचा सुका तुकडा. दोन घोटांच्या मध्ये तो चावायचा, म्हणजे जीभ कोरी होते. ग्लासात दोन बोटं बीअर घ्यायची, वर तळहात झाकायचा आणि हाताच्या उबेनं ती जरा कोमट होऊ द्यायची. मग तळहात काढून नाक आत. घोट तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. इतकी वर्षं बीअरच्या कारखान्यात काढून त्यांनी एक ग्लास बीअर पूर्ण प्यायलेली कुणी पाहिली नव्हती. "मेसमधी बी मी साऱ्यांच्या मागनं जेवायचो," ते म्हणायचे, "करणाऱ्याचं प्वाट भरलं की त्येला चुका दिसत न्हाईत."

आमच्या कारखान्याचं नाव होतं ते कडक बीअरसाठी. तीन प्रकार होते. गुळाची काळी, तांबडी आणि गव्हाची. बाटलीवरच्या चिठ्ठीत सर इंग्रजीत टॉफी, कॉफी, सुका मेवा असलं काहीबाही लिहायचे. हवालदार सांगायचे ते वेगळंच असायचं, आणि ते वहीत लिहून घेणं हे माझं काम होतं. तांबडीबद्दल: "आदी भाजल्या शेंगदाण्याची टरफलं, मग जरा चिचेचं कवळं आंबट बुटूक, आन गिळल्यावर छातीत शेकोटी." गव्हाची: "पिकल्या केळाचा वास. पण केळ घरात न्हाई, शेजारच्या घरात हाय." गुळाच्या काळीवर त्यांचा जीव होता. ती पहिल्यांदा नाकाला लावली की ते डोळे मिटून घ्यायचे. "हे बग. गुऱ्हाळात काहील उतरल्यावर कडंला करपलेलं ऱ्हातंय ते. त्येच्या मागं भाकरीचा काळा पापुद्रा. आन आगदी शेवटाला, समदं गेल्यावर, बेदाणा. तासगावाकडं शेडवर बेदाणा वाळत घालत्यात, तितनं एस्टी जाती तवा खिडकीतनं येतो, तेवडाच. त्यो बेदाणा आला की टाकी झाली म्हणायची. त्यो न्हाई तर अजून न्हाई."

मी बीअर कधी चाखली नव्हती आणि चाखायची मला भीती वाटत होती. हवालदारांनी कधी आग्रह केला नाही. "तुला प्यायची न्हाईच. नाक तर हाय का न्हाई?" असं म्हणून ते मला वास शिकवायला लागले. रोज एक. काचेच्या छोट्या बाटल्यांत काय काय भरून ठेवायचे: ताक, ओला पुठ्ठा, कच्चा पेरू, लोणी, आगकाडीचा धूर. माझे डोळे मिटायला लावून नाकाखाली धरायचे. मला पुस्तकातून या दोषांची रासायनिक नावं पाठ होती. हवालदारांनी त्यांचे वास दिले. त्यातलं लोणी सगळ्यात अवघड. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत टाकी गार केली की बीअरला लोण्याचा वास सुटतो. सुरुवातीला अगदी पुसट असतो, पिंपात गेल्यावर वाढत जातो. वेळेत कळलं तर उपाय सोपा: टाकी दोन दिवस आणखी उबेत ठेवायची, यीस्टच ते लोणी खाऊन टाकतं. तिसऱ्या महिन्यात मी डोळे मिटून एका नव्या टाकीतलं लोणी ओळखलं. हवालदारांनी खिशातला भाकरीचा तुकडा मोडून अर्धा मला दिला. म्हणाले, "घे. आता तू आमच्यातली."

त्या थंडीत ते तापानं आठ दिवस आजारी पडले. परत आले तेव्हा गाल बसले होते, पण पहिल्याच दिवशी चव घ्यायला हजर. मला काही वेगळं वाटलं नाही. फक्त ते थोडं कमी बोलत होते. वहीत मी लिहिलं ते सगळं आधीच्या महिन्यासारखंच होतं, शब्दाला शब्द. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षात आलं ते दुधामुळं. कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाचं दूध ठेवलेलं होतं आणि हवालदार शेजारीच स्टुलावर बसून थर्मामीटर पुसत होते. मी जिन्यावर होते तिथंपर्यंत करपल्याचा वास आला. धावत खाली आले, तर पातेल्यातून धूर निघत होता आणि त्यांची पाठ शेगडीकडे. ते शांतपणे काच पुसत होते.

"मामा, दूध करपलं!"

ते वळले. धुराकडं बघितलं, मग माझ्याकडं. थर्मामीटर त्यांनी फार जपून खाली ठेवला.

"लय करपलंय?"

मी मान हलवली. मी शेगडी बंद केली. मग ते म्हणाले, "ताप गेला तवाच गेलं गं. सकाळी उठून माती हुंगतो, रॉकेल हुंगतो. काय सुदिक न्हाई. समदं पाण्यावानी." आणि नंतर हळूच, "कुणाला बोलू नगंस. येतंय म्हणत्यात म्हैन्या-दोन म्हैन्यांत."

त्यानंतर आम्ही जी व्यवस्था केली ती चूक होती का, हे मला आजही ठरवता येत नाही. सर यायच्या आधी मी प्रत्येक टाकीचा वास घ्यायची आणि त्यांना सांगायची. त्यावरून ते सरांना सांगायचे, त्यांच्या शब्दांत. माझ्या 'पुठ्ठा'चं ते "पावसात भिजल्याली खोकी" करायचे, आणि ते बरोबर असायचं. पुढ्यात लोक असले तर खूण ठरलेली होती. वास चांगला असेल तर मी ग्लास खाली ठेवायचा, खोड असेल तर हातातच धरायचा. असे अडीच महिने गेले. एकही टाकी चुकली नाही. एकदा ते म्हणाले, "तू माजी ल्याब हाईस," आणि आम्ही दोघंही हसलो, पण त्यांचं हसू लवकर संपलं.

मार्चमध्ये पाचगणीच्या एका हॉटेलचे मॅनेजर न सांगता लवकर आले. सुट्टीच्या हंगामासाठी त्यांना गुळाची काळी हवी होती. टाकी गार करायची का एवढंच त्या सकाळी ठरायचं होतं आणि मी तिचा वास अजून घेतलेला नव्हता. सरांनी आमच्या दोघांच्या हातात ग्लास दिले. मॅनेजर कौतुकानं बघत होते. हवालदारांची गेटवरची गोष्ट सरांनी त्यांना नुकतीच सांगितली होती. मी तळहात झाकला, काढला, नाक आत घातलं. करपलेली काहील होती. भाकरीचा पापुद्राही होता. आणि त्याच्या मागं, अगदी पुसट, लोणी.

मी ग्लास हातात घट्ट धरला आणि हवालदारांकडं बघितलं. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "थांबा." मग आवाज एकदम बदलला. "बेदाणा! आरं, बेदाणा आला की!"

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. सरांना वाटलं, माणूस आपल्या कामावर किती प्रेम करतो. मला एकटीलाच कळलं की त्यांना आपलं नाक परत आलंय असं वाटतंय. वर्षानुवर्षं घेतलेला वास त्यांच्या आठवणीतून वर आला होता आणि त्यांना तो ग्लासातला वाटला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. लहान मूल परीक्षेचा कागद दाखवून आईच्या तोंडाकडं बघतं, तसं.

मी ग्लास खाली ठेवला.

दुपारी टाकी गार करायला घेतली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी बाहेर त्यांना शोधत गेले तर ते हळदीच्या गिरणीच्या भिंतीपाशी उभे राहून घरी फोनवर बोलत होते. "आगं आलं नाक! व्हय, आज सकाळी. दुसरं काय येत न्हाई अजून, पर बेदाणा आला! येतंय हळूहळू." मी तिथूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पाव किलो बेदाणा आणला. तिसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेले, तर ते गुणगुणत पिंपं धूत होते. पिंपं भरली गेली. चौथ्या दिवशी गाडी पाचगणीला गेली.

दोन आठवड्यांनी सगळी पिंपं परत आली. सरांनी एक उघडलं, नाकापाशी नेलं आणि बाजूला ठेवलं. आता ते कुणालाही कळलं असतं. आख्खी खोली लोण्यानं भरली होती. हवालदार मध्ये उभे राहून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हवालदार, ही टाकी पास कुणी केली?" सरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांचा विश्वास बसत नव्हता एवढंच.

"मी," हवालदार म्हणाले. "माजं नाक गेलंय सायेब. थंडीतच गेलं. म्या लपवून ठेवलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही काही बोलले नाही.

सर बाहेर गेल्यावर ते पिंपापाशी बसले. मी जवळ गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्या सकाळी बेदाणा हुता का?"

"नव्हता, मामा."

"मग काय हुतं?"

"लोणी."

"किती?"

"अगदी बारीक."

"बारीक आसतानाच सांगायचं आसतंय की गं." ते मान हलवत राहिले. "दोन दीस उबंला ठिवली आसती तर यीस्टनं खाऊन टाकलं आसतं." हे वाक्य मी परीक्षेत जवळजवळ असंच लिहिलं होतं. मी रडायला लागले. म्हणाले, "तुम्ही इतके खूश होता. मला बोलवेना."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "कॉलेज," ते म्हणाले, "म्या तुज्याकडं वास मागितला हुता. दया मागितली न्हवती."

मी सरांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. खूण, अडीच महिने, सगळं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांनी सांगितलं असतं तर मी त्यांना जाऊ दिलं असतं का गं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी हवालदारांना राहा म्हणून खूप विनवलं. काहीच नको असेल तर पूर्वीसारखं गेटवर बसा, असंही म्हणाले. हवालदारांनी हात जोडले. "गेटवर बसून आतलं काय कळणार हाय मला आता?" त्यांच्या सामानाची एकच पिशवी होती. जाताना वासाच्या बाटल्यांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी आता एम.एस्सी. करते आणि त्याच कारखान्यात सकाळी नऊच्या आत चव घेते. आईला आता माहीत आहे. ती तीन दिवस बोलली नाही, मग बोलली. गेल्या महिन्यात सरांनी मला पहिल्यांदा माझी स्वतःची कडक बीअर करू दिली, काकवीची. दोन टाक्या केल्या. एक चांगली निघाली. दुसरी मी घाईनं दोन दिवस आधी काढली आणि तिला कच्च्या पेरूचा वास राहिला. त्या दुसऱ्या टाकीची बाटली घेऊन मी रविवारी कोरेगावच्या एस्टीत बसले. चांगली मुद्दाम नेली नाही. हवालदारांनी विचारावं आणि मी खरं सांगावं, एवढ्यासाठी मी निघाले होते. रस्ताभर वाक्य जुळवत होते.

ते अंगणात म्हशीला पेंड घालत होते. मला बघून इतके आनंदले, की हात तसेच पेंडीचे घेऊन पुढं आले. "आगं ए, बग कोण आलंय! कॉलेज आलंय!" मामींनी मला बळंच दोन भाकरी खायला घातल्या. ते आत हात धुवायला गेले तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी फोनवर लय हासत हुतं गं. नाक आलं म्हणून. ठावं हाय का तुला?" मी हो म्हणाले.

मग मी बाटली उघडली. "मामा, ही मी केलेली. पहिलीच."

"तू? येकटीनं?" त्यांनी मामींना ग्लास आणायला सांगितला, काठोकाठ भरून घेतला. तळहात झाकला नाही. नाकापाशी नेला नाही. मोठा घोट घेतला आणि गिळला. मी वाट बघत होते. त्यांनी मला माझी परीक्षा कधी आहे ते विचारलं. वडील सुट्टीवर येतात का ते विचारलं. शेळ्या किती झाल्या ते विचारलं.

शेवटी मीच म्हणाले, "मामा, हिला कच्च्या पेरूचा वास येतोय."

त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"खरंच येतोय. दोन दिवस आधी काढली मी. घाई झाली."

"न्हाई गं," हवालदार म्हणाले, अगदी मायेनं, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं. "चांगली झाली आसंल. तू केलीस म्हंजी चांगलीच की." आणि माझं मन राखायला त्यांनी तो ग्लास, माझ्याकडं बघून हसत, तळापर्यंत संपवला.